घरचं माणूस गेल्यावर त्याची देणी-येणी कशी मिटवायची

पहिलं हे पक्कं समजून घ्या, गेलेल्या माणसाचं कर्ज वारसांनी स्वतःच्या खिशातून भरायचं नसतं. त्याची जेवढी मालमत्ता तुमच्या हाती आली तेवढ्यापुरतीच जबाबदारी, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५० तेच सांगतं. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर मात्र बँक थेट तुम्हालाच धरणार. आणि घर तारण असेल तर त्यावरचा बोजा तसाच राहतो.

घरातली माणसं सावरलेली पण नसतात तेव्हाच वसुलीवाल्यांचे फोन सुरू होतात, अशा वेळी "मी फेडतो" असं काहीही लिहून देऊ नका प्लीज. मृत्यूच्या दाखल्याची कॉपी जोडून बँकेला लेखी कळवा, कर्जाचं स्टेटमेंट मागा आणि पोचपावती घ्या. स्टेटमेंटमध्ये लोन मिळालं त्या सुमाराच्या नोंदी नीट बघा, तिथे एकरकमी विमा हप्ता कापलेला दिसला तर कर्जावर विमा असू शकतो, असेल तर आधी तो क्लेम करा, पुष्कळ घरांना हे माहीतच नसतं.

वाटणी घाईने करू नका. भारतीय वारसा कायदा १९२५ प्रमाणे आधी अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग कोर्टाचा खर्च, मग घरकामाला असलेल्यांचा शेवटच्या ३ महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, नंतर बाकीची देणी, आणि उरेल ते वारसांचं.

आता येणी. खात्याला नॉमिनी असेल तर क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचा ओळख-पत्त्याचा पुरावा एवढंच लागतं, पण नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो पैसे वारसांच्या वतीने घेतो. नॉमिनी नसेल तर हमीपत्र, बाकीच्या वारसांची ना हरकत आणि वारस दाखला किंवा प्रतिज्ञापत्र पण लागतं. नॉमिनी नसतानाची ही सोपी पद्धत रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे १५ लाखांपर्यंत चालते, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत. सगळी कागदं दिली की १५ दिवसांत क्लेम मिटवायचा असतो.

त्यांनी कुणाला उसने दिले असतील आणि समोरचा देत नसेल तर कोर्टातून वसुलीला सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे येणी वसूल करायचा हक्क देणारा कोर्टाचा दाखला लागतो. तो मिळायला वेळ लागतो, आणि दावा लावायची ३ वर्षांची मुदत एकदा सुरू झाली की थांबत नाही, म्हणून लवकर अर्ज करा.

कर्ज पूर्ण फिटलं की नो ड्यूज लेटर आणि घराची मूळ कागदपत्रं मागून घ्या. ती ३० दिवसांत परत द्यावी लागतात, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते.