कथात्म लेखनातील वर्णन, संवाद आणि कथानक

कथा, कादंबरी आदी कथात्म लेखनात पात्रांचे जग वर्णनाने दिसते, त्यांचे परस्परसंबंध संवादातून उघड होतात आणि घटनांची कार्यकारणभावाने झालेली गुंफण म्हणजे कथानक होय. ही तीन अंगे अभ्यासासाठी वेगळी काढली जात असली, तरी चांगल्या कथेत एकच वाक्य अनेकदा तिन्ही कामे करते.

त्यांच्यातील खरा भेद काळाच्या हाताळणीत आहे. फ्रेंच समीक्षक झेरार झनेत यांनी १९७२ मध्ये घटनाकाळ (घटना घडायला लागणारा वेळ) आणि कथनकाळ (ती सांगायला लागणारा वेळ) यांच्या नात्यावरून कथनाच्या गतीचे चार प्रकार मांडले. संवादप्रधान प्रसंगात हे दोन्ही काळ जवळजवळ सारखे चालतात, सारांशात अनेक वर्षे एका वाक्यात सरतात, वर्णनासाठी घटनाकाळ थांबतो आणि काही काळ तर पूर्णपणे वगळला जातो. लेखकाने कोठे रेंगाळावे आणि कोठे झपाट्याने पुढे जावे, हा निर्णय म्हणूनच शैलीइतकाच रचनेचाही असतो.

वर्णनाची अडचण जर्मन विचारवंत लेसिंग यांनी १७६६ मध्येच नेमकी ओळखली होती. चित्रातील वस्तू एकाच वेळी डोळ्यांसमोर येतात. शब्द मात्र एकामागून एक येतात. ग्रीक महाकवी होमरने ‘इलियड’मधील योद्धा अकिलीजच्या ढालीचे नुसते तपशील न देता ती घडवली जात असतानाच दाखवली, हे त्यांना विशेष महत्त्वाचे वाटले. वर्णनाला क्रियेची जोड देण्याचा हा मार्ग आजही उपयोगी पडतो. दुसरा मार्ग पाहणाऱ्याच्या नजरेचा. घर विकायला आलेल्या मुलाला भिंतीची ओल दिसेल, तर त्याच्या आईला त्याच भिंतीवर त्याची उंची मोजल्याच्या खुणा दिसतील. दोघांत पुढे होणारा वाद या दोन वर्णनांतच सुरू झालेला असतो. असे काहीही न सुचवणारे वर्णन कितीही सुंदर असले तरी कथेला जड होते.

संवाद म्हणजे प्रत्यक्ष बोलण्याची नक्कल नव्हे. त्यातून औपचारिक विचारपूस आणि अडखळणे बहुतेक गाळले जाते. उरते ते पात्राला काय हवे आहे आणि ते काय लपवत आहे, एवढेच. “दार लावलं होतंस?” या प्रश्नाला “शेवटी तूच निघालास ना?” असे उत्तर आले, तर माहिती मिळत नाही, पण आरोप आणि त्याचा प्रतिकार दोन्ही ऐकू येतात. दोघांनाही ठाऊक असलेली पूर्वकथा केवळ वाचकासाठी त्यांच्या तोंडी घालणे हा संवादलेखनातील सर्वांत ठळक दोष होय. ती माहिती निवेदकाने सरळ सांगितलेली बरी.

कथानकाचा विचार ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलपासून चालत आला आहे. शोकांतिकेत त्याने कथानकाला पात्रांहून वरचे स्थान दिले. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये केलेला भेद अधिक सुटसुटीत आहे: राजा मेला आणि मग राणी मेली, ही गोष्ट, राजा मेल्याच्या दुःखाने राणी मेली, हे कथानक. जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटाग यांनी १८६३ मध्ये मांडलेली आरंभ, चढण, उत्कर्षबिंदू, उतरण आणि अंत ही पाच टप्प्यांची रचना मुळात नाटकासाठी होती. ती प्रत्येक लघुकथेवर लादणे योग्य नाही. अनेक लघुकथांमध्ये बाह्य घटना जवळजवळ नसतेच. एखाद्या संवादानंतर पात्राला तीच खोली वेगळी दिसू लागते आणि कथानकातील निर्णायक बदल त्या दुसऱ्या वर्णनातूनच वाचकाला कळतो.