‘संदर्भ हवा’ : ग्वाल्हेरचे १८५८ आणि विकिपीडियाचे नियम

१ जून १८५८ रोजी ग्वाल्हेरशेजारच्या मोरारजवळ ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे यांची फौज तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीच्या राणीसमोर उभी राहिली आणि बहुतेक सगळी त्यांनाच जाऊन मिळाली. महाराज आग्र्याला निघून गेले. इथवर कोणाचे दुमत नाही. ते इंग्रजांशी दोस्ती होती म्हणून गेले, दिवाण दिनकरराव राजवाड्यांच्या सल्ल्याने राज्य वाचवायला गेले, की हाताशी फौजच उरली नाही म्हणून गेले, यावर मात्र आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत आजही आवाज चढतात. विकिपीडियासारख्या कोणीही लिहू शकेल अशा ज्ञानकोशात असा वाद शिरला की एक जण वाक्य बदलतो, दुसरा ते उलटवतो, तिसरा शेजारी ‘संदर्भ हवा’ असा साचा, म्हणजे तयार खूणचिठ्ठी, लावून जातो. हे भांडण सोडवायचे नियम कुठून आले, ते माहीत असलेले बरे.

मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते. वाचकाचा विश्वास त्या नावावर आणि संपादक मंडळावर. विकिपीडियाच्या आधी, २००० साली सुरू झालेल्या न्यूपीडियाचीही रीत अशीच होती, तज्ज्ञांकडून तपासून घेण्याची. ते काम फार सावकाश चाले. म्हणून जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया उघडला. आता लिहिणारा कोण हे कळायला मार्ग नाही, तेव्हा विश्वास ठेवायचा कशावर? लेखाने स्वतः बाजू घ्यायची नाही, हा तटस्थतेचा नियम त्याच वर्षी पक्का झाला. २००३ मध्ये त्याला पडताळणीचा, म्हणजे विधान वाचकाला संदर्भावरून तपासता आले पाहिजे हा, आणि ‘स्वतःचे संशोधन नको’ हा, असे दोन नियम जोडले गेले. त्यातल्या दुसऱ्याचे निमित्त भौतिकशास्त्रात आपापले सिद्धांत घुसवणारी हौशी मंडळी होती. चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायचे नाही, हे बंधन २००४ चे. २००५ मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन सायगेन्थेलर यांच्या चरित्रलेखात केनेडी हत्येशी त्यांचा संबंध जोडणारी निव्वळ थाप काही महिने तशीच राहिली. त्यानंतर हयात व्यक्तींबद्दलचे नियम कडक झाले. २०१७ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी ‘डेली मेल’ हे ब्रिटिश दैनिक एरवी संदर्भ म्हणून वापरायचे नाही असे ठरवले.

म्हणजे हे नियम बहुतेक इंग्रजीतल्या भांडणांतून घडले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि तेच नियम त्याने घेतले. चर्चेच्या जागेला मात्र ‘चावडी’ हे आपले नाव दिले.

सर्वांत जास्त गैरसमज समतोलाबद्दल आहे. समतोल म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार ओळी, असे अनेकांना वाटते. नियम तसा नाही. विश्वसनीय ग्रंथांत ज्या मताला जेवढे वजन, तेवढीच जागा त्याला लेखात. वेल्स यांनी २००३ मध्येच हे स्पष्ट केले होते. जयाजीरावांपुरते बोलायचे तर बंडानंतर इंग्रजांनी त्यांना वर्षाला तीन लाख वसुलाचा मुलूख दिला हे लेखात यायला हवे, आणि ग्वाल्हेरचा किल्ला मात्र १८८६ पर्यंत इंग्रजांनी स्वतःकडेच ठेवला हेही. दोन्ही गोष्टी नोंदलेल्या आहेत. त्यांना गद्दार किंवा मुत्सद्दी ठरवायचे काम लेखाचे नाही. कोणत्या इतिहासकाराने काय ठरवले, एवढेच त्याने सांगायचे. सुभद्राकुमारी चौहान यांच्या कवितेने उत्तर भारतात शिंद्यांची ‘इंग्रजांचे मित्र’ अशी जी प्रतिमा रुजवली तिचा उल्लेखही यावा, पण लोकस्मृतीचा पुरावा म्हणून. घडलेल्या घटनेचा पुरावा म्हणून कविता चालणार नाही.

संदर्भांची खरी कसोटी लागते ती गोडसे भटजींपाशी. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून निघाले आणि बंडात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरात होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ छापून आला १९०७ मध्ये, चिंतामणराव वैद्यांनी भाषेला आणि मजकुराला हात लावून. हे वैद्य एके काळी ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीश होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ मध्ये. तेव्हा संदर्भ देताना आवृत्ती सांगितलीच पाहिजे. शिवाय झाशीच्या वेढ्याबद्दल गोडसे प्रत्यक्षदर्शी आहेत, ग्वाल्हेरच्या लढाईबद्दल ऐकीव सांगतात, आणि सगळेच पुष्कळ वर्षांनी आठवून लिहिलेले. एकाच पुस्तकाची काही पाने भक्कम आणि काही पाने कच्ची. ‘हा ग्रंथ चालतो का?’ असे विचारण्याऐवजी ‘या वाक्यासाठी चालतो का?’ असे विचारायला हवे, आणि चर्चा पानांवर हे क्वचितच विचारले जाते याचे मला वाईट वाटते.

राणीच्या मृत्यूची तारीखच घ्या. ग्वाल्हेरजवळची कोटा की सरायची, राणीची शेवटची लढाई १७ जूनची, म्हणून काही ग्रंथ १७ देतात. आपल्याकडे पुण्यतिथी १८ जूनला पाळली जाते. फुलबागेजवळच्या समाधीच्या गावात राहणाऱ्याला ‘आम्हाला ठाऊक आहे’ म्हणून एक तारीख खोडण्याचा मोह होतो. दोन्ही तारखा त्यांच्या संदर्भांसह देणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

या नियमांची एक अडचण खरी आहे. इंग्रज अधिकाऱ्यांचे अहवाल केव्हाच छापून ग्रंथालयांत पोचले. इथल्या जुन्या घराण्यांकडची मोडीतली कागदपत्रे बरीचशी घरातच आहेत आणि घरातला कागद कोणी पडताळणार कसा? २०११ मध्ये अचल प्रभला यांनी मलयाळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेपेडी भाषेसाठी तोंडी माहिती ध्वनिमुद्रित करून तिचा संदर्भ देण्याचा प्रयोग केला. त्यावर खूप चर्चा झाली, पण इंग्रजी विकिपीडियाने तो सरसकट नियम म्हणून स्वीकारला नाही. त्यामुळे पणजोबांकडून ऐकलेली १८५८ ची हकीकत लेखात येऊ शकत नाही. मोडी कागदाचे लिप्यंतर होऊन तो जाणत्या संपादकाच्या नावाने छापला गेला, तर त्याचा पृष्ठक्रमांक देता येतो.