क्षय, कॅशेक्शिया आणि एका नावामुळे झालेला घोळ

नात्यातल्या एका काकूंना कॅन्सर होता, मिरजेत ट्रीटमेंट चालू होती, फाईलवर लिहिलं होतं कॅशेक्शिया, म्हणजे मोठ्या आजारात अंग आणि स्नायू झिजत जाणं. कोणीतरी समजावून सांगताना 'स्नायूंचा क्षय' म्हणालं आणि संध्याकाळपर्यंत घरात त्यांची कपबशी वेगळी. दोष तरी कोणाला द्यायचा, वानलेसवाडीला टीबीचं सॅनेटोरियम असलेला हा भाग, इथं क्षय म्हटलं की टीबीच. खरं तर क्षय म्हणजे नुसती झीज, आणि कॅशेक्शिया या ग्रीक शब्दाचा अर्थही एवढाच की तब्येतीची अवस्था वाईट. दोन्ही शब्द माणूस कसा दिसतो ते सांगतात, का वाळला ते नाही. मला विचाराल तर आयुर्वेदातला 'शोष' जास्त बरा बसतो.

पण याहून मोठा घोळ शास्त्रज्ञांनीच घातला. ट्रायपॅनोसोम परजीवी टोचलेले ससे वाळून मरायचे, रक्तात परजीवी तसे थोडेच, चरबीचं प्रमाण मात्र भरमसाट. शोध घेतल्यावर कळलं की मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी काहीतरी सोडतात आणि त्याने चरबीच्या पेशींमधलं, रक्तातली चरबी आत घ्यायला लागणारं एन्झाइम बंद पडतं. त्या पदार्थाला नाव दिलं कॅशेक्टिन, म्हणजे वाळवणारा! टेस्ट झालेली चरबीच्या पेशींवर, स्नायूंवर नाही, आणि तरी नावातच निकाल लावून टाकला. १९८५ला समजलं की हा पदार्थ म्हणजे १९७५ला ट्यूमर मारणारा म्हणून नाव पडलेला टीएनएफ (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर) च. कॅशेक्टिन नाव मागे पडलं पण डोक्यातून गेलं नाही. पुढे टीएनएफ अडवणारी औषधं आली, सांधेवातात कमाल चालली, म्हणून कॅन्सरवाल्यांनाही देऊन बघितली, वजन काही धरलं नाही. माझ्या मते एकाच पदार्थावर भिस्त ठेवायची सवय त्या नावानेच लावली.

२००१ला स्नायूतली प्रथिनं तोडायला खूण लावणारी दोन एन्झाइम सापडली, मर्फ-वन आणि अ‍ॅट्रोजिन-वन, तेव्हा कुठे लक्ष स्नायूकडे वळलं. २००७ला उंदरांवर दिसलं की जखमेच्या वेळी मोनोसाइट, म्हणजे सुजेत धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढून टाकल्या तर स्नायू भरूनच येत नाही. म्हणजे सूज सरसकट वाईट नाही, नाहीतर आपण सांगलीकर सूज दिसली की हळद लावून मोकळे.

कॅन्सरमधल्या कॅशेक्शियाच्या २०११च्या व्याख्येत सरळ लिहिलं की ही झीज नुसत्या आहाराने पूर्ण भरून येत नाही, शिवाय ६ महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरणं हा एक निकष. तालमीत अंग उतरलेल्या पोराला दूध-तूप-बदाम देऊन परत उभा करतात, तो हिशोब इथं लागत नाही, आणि काकूंना मात्र सगळे 'खात नाही म्हणून वाळली' असंच म्हणत होते.

आता सगळी चर्चा जीडीएफ-१५ या शरीरातल्याच एका प्रथिनाची. याचा रिसेप्टर, म्हणजे ते जिथे जाऊन चिकटतं ती जागा, २०१७ला सापडला तो मेंदूच्या देठात, भूक मारणारा. हे जीडीएफ-१५ अडवणाऱ्या औषधाच्या, २०२४ला छापून आलेल्या ट्रायलमध्ये कॅशेक्शिया झालेले १८७ कॅन्सर पेशंट होते, १२ आठवड्यांत सगळ्यात मोठ्या डोसवाल्यांचं वजन डमी औषधवाल्यांपेक्षा साधारण २.८ किलोने जास्त भरलं.