चाक आणि आस: हालचालीचे प्रतल कोणते आणि अक्ष कोणता

गुडघा कोणत्या प्रतलात वाकतो, हा प्रश्न मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात दरवर्षी विचारतो आणि दरवर्षी मागच्या बाकांवरून ठाम आवाजात "कोरोनल" असे उत्तर येते. त्याच विद्यार्थ्यांना सॅजायटल प्रतलाची व्याख्या विचारली तर ते ती बिनचूक म्हणून दाखवतात: शरीराचे उजवा आणि डावा असे दोन भाग करणारे उभे प्रतल. व्याख्या पाठ आहे, आणि नेमकी ती व्याख्याच त्यांना चुकीच्या उत्तराकडे नेते. सॅजायटल प्रतल डावे-उजवे वेगळे करते, म्हणून त्यातली हालचालही डावी-उजवीकडे होत असली पाहिजे. कोरोनल प्रतल पुढचे-मागचे वेगळे करते, म्हणून पुढे-मागे होणारी हालचाल कोरोनल, असा तो हिशेब असतो. हिशेब सरळ दिसतो आणि पूर्णपणे उलटा आहे.

दिशादर्शक शब्दांवर येथे वेळ घालवण्याचे कारण नाही. वरचे आणि खालचे, पुढचे आणि मागचे, मध्यरेषेजवळचे आणि मध्यरेषेपासून दूरचे, हे एकदा वाचले की कळते. समीपस्थ (धडाजवळचे) आणि दूरस्थ (धडापासून लांबचे) हे शब्द मुख्यतः हातापायांसाठी वापरावेत, आणि डावे-उजवे नेहमी रुग्णाचे असते, पाहणाऱ्याचे नसते, एवढे लक्षात ठेवले की तो विषय संपतो. खरी अडचण प्रतल आणि अक्ष यांच्यात आहे.

आमच्याकडे, जळगाव-धुळ्याच्या बाजूला, हा गोंधळ फळ्यापेक्षा बैलगाडीजवळ लवकर सुटतो. गाडीचे एक चाक नीट पाहावे. तुंबा, आरे आणि भोवतीची लोखंडी धाव मिळून ती एक उभी तबकडीच असते. या तबकडीच्या एका अंगाला गाडीची साटी असते आणि दुसऱ्या अंगाला रस्ता. म्हणजे ती डावे आणि उजवे वेगळे करते, अगदी सॅजायटल प्रतलासारखे. आता धावेवर खडूने एक खूण करावी आणि गाडी दहा पावले पुढे ओढावी. ती खूण वर जाते, पुढे येते, खाली उतरते, मागे पडते. परंतु डावीकडे किंवा उजवीकडे बोटभरही सरकत नाही. (चाक डुगडुगत असेल तर ती तक्रार सुताराकडे न्यावी.) खुणेचा सगळा प्रवास तबकडीच्या आत होतो, तबकडीला ओलांडून होत नाही. हालचालीचे प्रतल म्हणजे हालचाल ज्या पृष्ठाच्या आत राहते ते पृष्ठ. ते शरीराचे कोणते दोन भाग करते, हा हालचालीच्या बाबतीत गौण मुद्दा आहे.

म्हणूनच गुडघा आणि कोपर सॅजायटल प्रतलात वाकतात, चालताना मांडी आणि हात त्याच प्रतलात पुढे-मागे होतात, आणि माणूस पुढे वाकून बुटाची नाडी बांधतो तेव्हा त्याचा कणाही त्याच प्रतलात असतो. हात बाजूने वर उचलणे, पाय बाजूला नेणे, कमरेतून एका अंगाला झुकणे या कोरोनल प्रतलातल्या हालचाली आहेत. जात्याचा वरचा दगड जसा आडवा फिरतो तसे धड किंवा मान वळवणे हे अनुप्रस्थ, म्हणजे वरचे-खालचे वेगळे करणाऱ्या आडव्या प्रतलात होते.

आता आस. दोन्ही चाकांमधून आरपार गेलेला तो लोखंडी दांडा गाडीखाली डावीकडून उजवीकडे जातो. चाक पुढे-मागे फिरते, पण ज्याच्याभोवती फिरते तो आस आडवा असतो, आणि चाकाच्या तबकडीला तो काटकोनातच असावा लागतो. तिरका झाला तर चाक घासते. मराठीतला 'आस' हा संस्कृत 'अक्ष' या शब्दाचाच वंशज आहे, त्यामुळे हा दाखला मी ओढूनताणून आणलेला नाही. गुडघ्याचा अक्षही असाच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो. हात बाजूने वर नेताना खांद्याचा अक्ष पुढून मागे जातो. मान वळवण्याचा अक्ष उभा असतो, जात्याच्या मधल्या खिळ्यासारखा. मानेच्या दुसऱ्या मणक्याला तर नावच अ‍ॅक्सिस आहे, कारण त्याच्या वर आलेल्या दातासारख्या भागाभोवती पहिला मणका, आणि त्याच्यासह आपली कवटी, फिरते.

येथपर्यंत सगळे सुरळीत असते. घोळ पाठ्यपुस्तकांतल्या तक्त्यांनी घातला आहे. अनेक तक्त्यांत "सॅजायटल प्रतल, फ्रंटल अक्ष" आणि खालच्या ओळीत "फ्रंटल प्रतल, सॅजायटल अक्ष" असे छापलेले असते (फ्रंटल हे कोरोनलचेच दुसरे नाव). तांत्रिकदृष्ट्या ते चूक नाही, परंतु एकाच हालचालीला दोन विरुद्ध नावे एकाच ओळीत चिकटवून विद्यार्थ्याने ती वेगळी ठेवावीत अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. मी वर्गात अक्षाला प्रतलाचे नाव देऊ देत नाही. अक्षाला त्याची दिशा सांगून ओळखावे: डावा-उजवा अक्ष, पुढचा-मागचा अक्ष, उभा अक्ष. यात शास्त्रीय अचूकता तसूभर कमी होत नाही आणि तोंडी परीक्षेत जीभ अडखळत नाही.

दुसरा राग 'फ्रंटल' या शब्दावर. कोरोनल प्रतलाला फ्रंटल म्हटले की कानाला 'फ्रंट' ऐकू येते आणि विद्यार्थी पुढे वाकण्याची हालचाल त्यात टाकून मोकळा होतो. शब्द दोन्ही मान्य आहेत, पण मी फक्त कोरोनल वापरतो. कोरोना म्हणजे मुकुट आणि सॅजिटा म्हणजे बाण, हे दोन्ही लॅटिन शब्द कवटीच्या सांध्यांना आहेत, आणि ते समजून घ्यायला खान्देशातल्या कोणत्याही घरात तान्हे बाळ असले की पुरते. आजी बाळाची टाळू भरते, तेव्हा तिची बोटे तेल घेऊन ज्या चौकोनी मऊ जागेवर थांबतात, तेथे हे सांधे एकमेकांना भेटतात. टाळूपासून दोन्ही कानांच्या दिशेने उतरणारा सांधा कोरोनल. डोक्यावर हेअरबँड लावावा तसा तो आडवा जातो. टाळूपासून सरळ मागे जाणारा सांधा सॅजायटल. कोरोनल सांध्याच्या रेषेत बाळाला (मनातल्या मनातच) उभे कापले तर कोरोनल प्रतल मिळते, आणि सॅजायटल सांध्याच्या रेषेत कापले तर सॅजायटल. साधारण दीड वर्षाच्या आत ही जागा भरून येते, म्हणून उदाहरण लवकर पाहून घ्यावे.

कोणती हालचाल कोणत्या प्रतलातली हे ठरवण्यासाठी मी एक भिंत वापरतो. भिंतीला पाठ टेकवून उभे राहावे. जी हालचाल करताना हात किंवा पाय भिंतीवरून घासत सरकतो ती कोरोनल. मग भिंतीला एक बाजू लावून उभे राहावे, म्हणजे खांदा आणि मांडी भिंतीला टेकतील. आता पाय पुढे-मागे झुलवताना तो भिंतीवरून घासतो, तीच सॅजायटल. अनुप्रस्थ हालचालीसाठी भिंत लागत नाही, जमीन पुरते. विद्यार्थ्यांनी हे वाचण्याऐवजी एकदा उठून करावे, अशी माझी विनंती असते, आणि बहुतेक जण उठत नाहीत.

मात्र नाव नेहमी शारीर स्थितीवरून ठरते: माणूस सरळ उभा, हात बाजूला सोडलेले, तळहात पुढे. हा नियम विसरला की अडचण येते ती मांडे करणाऱ्या बाईपाशी. पुरणाचा मांडा ती दोन्ही हातांवर पेलून, मनगटापासून कोपरापर्यंतच्या भागावर तोलत, हात पालटत मोठा करते आणि मग पालथ्या खापरावर टाकते. हात पालटताना अंगठ्याच्या बाजूचे हाड करंगळीच्या बाजूच्या हाडावरून वळते. तळहात खाली जाणे म्हणजे प्रोनेशन, वर येणे म्हणजे सुपिनेशन. तिची कोपरे वाकलेली आणि हात समोर असल्याने ही फिरकी पुढच्या-मागच्या अक्षाभोवती होताना दिसते, आणि समोरून पाहणारा विद्यार्थी लगेच "कोरोनल" म्हणतो. पण तिने हात खाली सोडले की तोच अक्ष उभा होतो. म्हणून पुस्तकात प्रोनेशन आणि सुपिनेशन अनुप्रस्थ प्रतलातच लिहिलेले असते.

शेवटी अंगठा, कारण तो या सगळ्यात खरोखर वेगळा आहे. अंगठ्याचा हाताशी जोडलेला मुळाचा सांधा खोगिरासारखा असतो आणि अंगठा इतर बोटांच्या तुलनेत जवळजवळ काटकोनात वळलेला असतो. त्यामुळे बोटे सॅजायटल प्रतलात वाकतात, पण अंगठा तळहाताच्या पृष्ठावरून आडवा सरकत कोरोनल प्रतलात वाकतो. आणि त्याचे दूर जाणे व जवळ येणे सॅजायटल प्रतलात होते. कपाशीच्या बोंडातून कापूस ओढताना अंगठा बोटांच्या टोकांसमोर येतो, तेव्हा तो यांतल्या एकाच प्रतलात राहत नाही, दोन्हींतून वाट काढत वळत जातो. परीक्षेत अंगठ्याविषयी विचारले गेले तर हात टेबलावर उताणा ठेवावा आणि अंगठा छताकडे उचलून पाहावा. ते वाकणे नाही, दूर नेणे आहे, आणि त्याचे प्रतल सॅजायटल.