जे पडले नाहीत त्यांना कोण विचारतं?

शिमग्याच्या दिवसांत कुडाळकडे हायवेला एखादी बाईक घसरली की टपरीवर निकाल लगेच लागतो, "प्यायलेलो असतलो!" बरं, समजा होता. पण त्याच रात्री त्याच वळणावरून घेऊन गेलेले आणि घरी पोचून गुपचूप झोपलेले किती, ते मोजलंय कोणी? दारूने अपघात किती वाढतात या संशोधनाचा सगळा खेळ या न पडलेल्यांवर आहे.

अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स शहरात 1962-63 मध्ये रॉबर्ट बोर्कनस्टाईनने नेमकं तेच केलं, ब्रेथलायझरचं, म्हणजे फुंकून दारू मोजायचं मशीन काढणारा तो हाच. अपघात झालेल्या जागी, तोच वार तीच वेळ बघून, धडधाकट चाललेले ड्रायव्हर थांबवले आणि त्यांनाही फुंकायला लावलं. मग तुलना केली तर 100 मिली रक्तात 40 मिलीग्रॅम अल्कोहोलच्या पुढे धोका चढायला लागलेला आणि 80 च्या वर तर सुसाट. आपल्या कायद्यात मर्यादा 30 आहे. गंमत म्हणजे अगदी थोडी घेतलेले न घेतलेल्यांपेक्षा सेफ दिसले! लगेच खूश होऊ नका, पुढे कोण किती वेळा पितो यावरून गट पाडून हिशोब केला तर तो फायदा गायब झाला.

माडावरून पडलेल्याचं काय, तिथे न पडलेले शोधायचे कुठून? मग त्यालाच विचारतात, पडायच्या आधी सहा तासांत किती घेतलेलीस आणि गेल्या आठवड्यात याच वेळी किती? माणूस तोच, माड तोच, फरक फक्त दारूचा. आता गेल्या मंगळवारचं कोणाला आठवतंय हा भाग वेगळा.

मारामाऱ्या-गुन्ह्यांचं तर आणखी अवघड, कारण आपल्याला दिसतात ते पकडले गेलेले, आणि झिंगलेला माणूस सापडतोही पटकन.

रक्ताचा नमुनाही सरळ नसतो. 100 मिली रक्तामागे तासाला साधारण 15 मिलीग्रॅम अल्कोहोल उतरतं, म्हणजे परशुराम घाटात पडलेल्याचं रक्त तीन तासांनी घेतलं तर 45 गेलेच की! सुई टोचायच्या आधी स्पिरिटचा बोळा फिरवायचा नाही, आणि ट्यूबमध्ये सोडियम फ्लोराइड टाकायचं, नाहीतर मडक्यात माडी आपोआप चढते तसं ट्यूबमधल्या रक्तातही जंतू अल्कोहोल बनवू शकतात, मग न पिणाराही प्यायलेला ठरायचा.