वाचलेलं खरंच १० टक्केच लक्षात राहतं?

‘वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, दुसऱ्याला शिकवलेलं ९०.’ बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बी.एड.च्या ग्रुपवर हा तक्ता फिरतोच. गटात विज्ञान शिकण्याची तो बाजू घेतो, म्हणून पटतोही. पण ज्या शंकूच्या आकृतीचा (एडगर डेल यांचा ‘अनुभवांचा शंकू’, म्हणजे शिकण्याच्या अनुभवांचे प्रकार थरांत दाखवणारी आकृती) दाखला देतात, ती १९४६ साली अमेरिकेत छापली गेली आणि तिच्यात एकही टक्केवारी नव्हती. आकडे मागाहून चिकटले. शिवाय काय वाचलं, किती दिवसांनी विचारलं, हे तक्ता सांगतच नाही. खऱ्या मोजणीत इतके गोल आकडे येतात का? गटकाम उपयोगी असतं, पण आखणी नीट असेल तर. सरावपाठात पडताळा: विद्युत परिपथाचा धडा एका तुकडीला वाचायला द्या, दुसरीला गटात बल्ब पेटवायला. आठवड्याने दोघींना तेच प्रश्न विचारा.