गुंगी दिली म्हणजे मारलं नव्हे

"शेवटी इंजेक्शन देऊन संपवलं त्यांना." कॅन्सरने गेलेल्यांच्या दहाव्याला हे वाक्य मी दोनदा ऐकलंय. ते चूक आहेच, शिवाय त्या इंजेक्शनला होकार देणाऱ्या मुलीच्या उरात ते कायमचं रुततं.

मरण काही दिवसांवर आलंय आणि धाप, वेदना किंवा भ्रमातली तडफड कोणत्याच उपायाने थांबत नाही, अशा वेळी पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास शमवणारे, डॉक्टर रुग्णाला गुंगीत ठेवतात. औषध बहुधा मिडाझोलाम.

या रेणूची करामत बघण्यासारखी आहे. कुपीतल्या आम्लात त्याचं एक कडं उघडं असतं, म्हणून तो पाण्यात विरघळतो. रक्तात आम्लता उरत नाही, कडं मिटतं, रेणू चरबीत विरघळणारा होतो आणि सहज मेंदूत शिरतो. तिथे 'गाबा' हे शांतवणारं रसायन चेतापेशींची दारं उघडतं, क्लोराइड आयन आत येतात आणि पेशी सहजी चेतत नाही. मिडाझोलाम ही दारं स्वतः उघडत नाही. गाबा असेल तर ती जास्त वेळा उघडतात, एवढंच. बार्बिच्युरेट ही जुनी गुंगीची औषधं मात्र ती जास्त वेळ उघडी धरतात, मोठ्या मात्रेत तर गाबाशिवायही उघडतात. म्हणून त्यांच्यात श्वास थांबण्याचा धोका मोठा. मिडाझोलाम थोडं थोडं वाढवता येतं, कमी केलं की गुंगी उतरवताही येते. त्रास शमेल तेवढंच द्यायचं. दयामरणात हेतू आणि मात्रा दोन्ही वेगळे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या अभ्यासात गुंगी दिलेल्यांच्या जगण्याचा मध्यक १२ दिवसांचा होता, न दिलेल्यांचा ९. गुंगीने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही, पण घटलेलंही दिसलं नाही.

माझ्या मते नैतिक पेच जाग हिरावून घेण्यात आहे. गुंगीतला माणूस नातवाशी बोलू शकत नाही. म्हणून विचारायचं ते त्यालाच, बोलता येतंय तोवर. फ्रान्सने २०१६च्या कायद्याने ठरावीक परिस्थितीत मृत्यूपर्यंत खोल गुंगीचा हक्क दिला. मला हलक्या गुंगीपासून सुरुवात करणं रास्त वाटतं. मिडाझोलामने वेदना शमत नाहीत, तेव्हा मॉर्फिन चालूच ठेवायचं.

आणि घशातली घरघर ऐकून "जीव कुणात तरी अडकलाय" म्हणत चमच्याने गंगाजल ओतू नका. गिळण्याची ताकद गेल्याने साठलेली लाळ वाजते. ओतलेलं पाणी श्वासनलिकेत उतरू शकतं. माणसाला हळूच कुशीवर वळवा आणि तेच गंगाजल कापसाच्या बोळ्याने ओठांना लावा.